मी हरलो, प्रश्न शिकव

बोरसे सर गेले, त्यानंतरच्या रविवारी गुजरातेतल्या आमच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मुख्याध्यापकांना आम्ही सगळे मोठे सर म्हणतो. ते हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "बोरसे म्हणजे अत्यंत शांत, क्षमाशील माणूस. कुणाबद्दल मनात काही धरून ठेवणं त्यांना माहीतच नव्हतं." पुढच्या रांगेतल्यांनी माना हलवल्या. मी मागच्या रांगेत होते. माझ्या पर्समध्ये बोरसे सरांचा रुमाल होता आणि त्या रुमालाला एक गाठ होती.

येत्या जूनमध्ये मोठे सर निवृत्त होणार आहेत. गौरव अंकासाठी शाळा चालवणाऱ्या मंडळाने सगळ्या शिक्षकांकडून लेख मागितले आहेत. मला विषय दिला आहे, 'मोठ्या सरांनी आपल्या शाळेत आणलेलं संगणक शिक्षण'. मी मराठी शिकवते, ग्रंथालय सांभाळते, आणि माझ्याकडून आजवर कुणाला त्रास झालेला नाही, म्हणून मला विचारलं असावं. लिहायला मला नेहमीच वेळ लागतो. हा लेख लिहायला बरेच महिने लागले. तो अंकात येणार नाही हे मला ठाऊक आहे. मोठ्या सरांचं नाव मी यात कुठेही लिहिणार नाही. ज्याचं नाव राहावं असं मला वाटतं, त्याचंच लिहीन.

बोरसे सर क्षमाशील नव्हते. अपमान झाला की ते खिशातून रुमाल काढत, त्याच्या एका टोकाला गाठ मारत आणि रुमाल परत खिशात ठेवत. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. परतफेड झाली की गाठ सोडत, तीही शक्यतो ज्याने अपमान केला त्याच्या समोर. एकदा स्टाफरूममध्ये एका शिक्षकांनी त्यांच्या बोलण्याची नक्कल केली. सर धुळ्याकडचे, घरी अहिराणी बोलणारे, रागावले की शाळेतही दोन शब्द तिकडचे यायचे. सगळे हसले. सरांनी गाठ मारली. बऱ्याच दिवसांनी त्याच शिक्षकांना कापडबाजारातल्या एका खानदेशी व्यापाऱ्याकडे मुलाच्या नोकरीसाठी जायचं होतं आणि बरोबर कुणी ओळखीचं हवं होतं. बोरसे सर गेले. दुकानात पूर्ण वेळ अहिराणीतच बोलले. ते शिक्षक मधे बसून दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. नोकरी मिळाली. बाहेर आल्यावर सरांनी त्यांच्यासमोर गाठ सोडली आणि म्हणाले, "आता नक्कल करा. जमेल तुम्हांला."

उंच, वाकलेले, टेरिकॉटचा शर्ट, आणि वरच्या खिशात पेनांऐवजी टॉर्चचे सेल. सेल संपलाय की नाही ते तारेची टोकं जिभेला लावून बघायचे. चहा पिताना तोंड वाकडं केलं, तर समजायचं की आत्ताच सेल तपासून आलेत.

विज्ञान शिकवायचे. पण त्यांच्या तासाला मुलांनी उत्तरं द्यायची नसत, मुलांनी प्रश्न करायचे असत. त्यासाठी त्यांनी प्लायवूडची एक पाटी बनवली होती. डाव्या बाजूला प्रश्नांच्या चिठ्ठ्या, उजव्या बाजूला उत्तरांच्या, प्रत्येक चिठ्ठीखाली एक खिळा आणि मागे तारांचं जाळं. प्रश्नाच्या खिळ्याला एक तार लावायची, उत्तराच्या खिळ्याला दुसरी. जुळलं की वरचा छोटा बल्ब पेटायचा. अशा पाट्या प्रदर्शनात बऱ्याच शाळा मांडतात. सरांचा नियम वेगळा होता. ज्याने प्रश्न केला त्यानेच मागची तार जोडायची. तार चुकीची जोडली, तर चुकीच्या उत्तरावर बल्ब पेटे आणि सगळा वर्ग ओरडून तो प्रश्न करणाऱ्याला उभं करी. त्यामुळे मुलं आधी भांडून उत्तर नक्की करत, मग तार जोडत.

"उत्तर काय, गाइडमध्ये असतं," ते मला म्हणायचे. "बाई, प्रश्नाचं गाइड बघितलंय का तुम्ही कुठे?"

हे सगळं नववी ड च्या वर्गात चाले. ड तुकडी कशी भरली जाते हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. बँकेतल्या, सरकारी नोकरीतल्या लोकांची मुलं अ मध्ये. गोडादरा, लिंबायतकडची, ज्यांचे वडील लूमवर आणि आया घरी साड्यांचे धागे कापतात, ती ड मध्ये. शाळेच्या फाटकावर एक पाटी आहे, तिच्यावर दरवर्षी दहावीचा निकाल रंगवतात. ती पाटी भरलेली दिसावी म्हणून नववीच्या शेवटी ड तुकडी गाळली जायची. काहींना नापास करायचं, काहींच्या वडिलांना बोलावून दाखला हातात द्यायचा. मोठे सर याला चाळणी म्हणायचे. जाहीर म्हणायचे, सभेत म्हणायचे. चाळणीतून खाली पडलेली मुलं पुढच्या आठवड्यात लूमवर दिसायची.

पहिल्या वर्षी सरांनी ड तुकडीसाठी शब्द टाकला, तेव्हा मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बोरसे, तुमच्या पोरांना बल्ब लावता येतो. वायरमन होतील की!" स्टाफरूम हसली. मीही हसले का ते आठवत नाही. गप्प बसले असणार. सरांनी गाठ मारली. मोठ्या सरांच्या नावाची ती पहिली गाठ.

मग कॉम्प्युटर आला. सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलने नवे घेतले आणि ऑफिसातला एक जुना शाळेला देऊन टाकला. मोठ्या सरांनी त्याच्यासाठी स्वतःच्या केबिनशेजारची खोली रिकामी केली, पडदे लावले, दाराबाहेर 'पादत्राणे बाहेर काढा' असं लिहिलं आणि कुलूप घातलं. मुलांना तो पहिल्यांदा दसऱ्याला दिसला. मोठ्या सरांनी हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता कीबोर्डवर टाकल्या. परत कुलूप.

डिसेंबरात मंडळाचे कुणी बघायला येणार म्हणून तो चालू करायची वेळ आली आणि मोठ्या सरांना तो चालू करता येईना. बोरसे सरांना बोलावलं. त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. तांदूळ पडले. एक दाणा तरी 'वाय'च्या बटणाखाली अडकून राहिला होता, त्यामुळे यंत्र सगळ्याला 'यस' म्हणत होतं.

"तुमच्या अक्षतांनी याचाही स्टाफ झाला, मोठे सर," बोरसे सर म्हणाले.

खोलीची किल्ली मात्र त्या दिवसापासून त्यांच्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. मोठ्या सरांना तर यंत्राची भीतीच वाटे. त्यांचा संबंध फक्त स्कूटरशी, आणि तोही अर्धाच. पेट्रोल गळू नये म्हणून स्कूटर लावली की कॉक बंद करायची त्यांची शिस्त होती. उघडायचं काम शिपायाचं. निघायच्या वेळी शिपाई आधी जाऊन कॉक उघडून, स्कूटर फाटकाकडे तोंड करून उभी ठेवी.

बोरसे सरांनी बँकेतल्या एका ओळखीच्या माणसाकडून प्रोग्राम लिहायला शिकून घेतलं आणि त्या कॉम्प्युटरला एक खेळ शिकवला. खेळ सोपा. तुम्ही मनात एखादी वस्तू धरायची. यंत्र प्रश्न विचारत जाणार, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. शेवटी यंत्र ओळखणार. ओळखता आलं नाही तर पडद्यावर मराठीच, पण रोमन अक्षरांत, एक ओळ यायची: 'मी हरलो. काय होतं? एक प्रश्न शिकव.' मग तुम्ही वस्तूचं नाव लिहायचं आणि असा एक प्रश्न लिहायचा, की ज्याने तुमची वस्तू आणि यंत्राने चुकून सांगितलेली वस्तू वेगळ्या होतील. पुढच्या वेळी यंत्र तो प्रश्न स्वतः विचारायचं. आणि प्रश्नाखाली, शिकवणाऱ्याचं नाव दाखवायचं. नाव आणि तुकडी.

पहिल्या दिवशी ड तुकडीतली मंगल यंत्रासमोर बसली होती. वडील लूमवर, आई धागे कापणारी, आणि ही वर्गातली सगळ्यांत फटकळ मुलगी. पडद्यावर 'मी हरलो' आलं आणि तिने वळून विचारलं, "सर, हे खरंच म्हणतंय?"

"हो."

"मारणार नाही ना नंतर?"

मुलं हसली. सर हसले नाहीत. बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई, शाळेत आजपर्यंत असं कुणी त्यांच्यासमोर म्हटलंच नव्हतं. मीसुद्धा नाही."

त्या हिवाळ्यात ड तुकडीने यंत्राला एवढं शिकवलं की ते हरायला तयार होईना. मग मुलं त्याला हरवण्यासाठी माझ्या ग्रंथालयात येऊन पुस्तकं उपसू लागली. मला शाळेत इतकी वर्षं झाली, पण एखादी मुलगी धापा टाकत येऊन "बाई, वटवाघूळ पक्ष्यांत येतं का? लवकर सांगा!" असं विचारते, हे मी पहिल्यांदा बघत होते. प्रश्नही त्यांचे स्वतःचे. पुस्तकात लिहिलं असतं, 'खाण्यायोग्य आहे का?' यांनी लिहिलं होतं, 'न विचारता खाल्लं तर आई मारते का?' सरांनी तो प्रश्न काढला नाही. "चालतोय ना?" म्हणाले. "साखर आणि मीठ वेगळं करतोय ना? मग राहू दे."

मार्चमध्ये चाळणीची नावं ठरली. ड तुकडीतली जवळजवळ सगळी. त्याच सुमारास शिक्षण खात्याचे एक अधिकारी शाळा तपासायला यायचे होते. मोठ्या सरांना कॉम्प्युटर दाखवायचा होता. बोरसे सरांना त्यांनी सांगितलं, "तो खेळ लावून ठेवा. मी दाखवीन. तुम्ही मागे उभे राहा."

"हो सर," बोरसे सर म्हणाले. इतक्या लवकर त्यांनी कधी हो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

अधिकारी गुजराती होते, हसरे, घाईत. खुर्चीवर बसले, मनात वस्तू धरली. यंत्राने पहिला प्रश्न विचारला. खाली आलं: 'शिकवलं: मंगल, नववी ड'. दुसरा प्रश्न. 'शिकवलं: राजू, नववी ड'. तिसरा, परत मंगल. अधिकारी थांबले.

"आ मंगल कोण छे?"

मोठे सर म्हणाले, "विद्यार्थिनी छे, साहेब."

"बोलावो एने."

बोलवायला फार लांब जावं लागलं नाही. ड तुकडी शेजारच्या जिन्यावर बसलेलीच होती. मंगल येऊन उभी राहिली. खेळ पुढे गेला. यंत्राने विचारलं, "साखर?" अधिकारी खूश होऊन म्हणाले, "ना! में तो फटकडी धारी हती." फटकडी म्हणजे तुरटी. पडद्यावर ओळ आली: 'मी हरलो. काय होतं? एक प्रश्न शिकव.' साहेबांनी ती वाचून घेतली आणि मोठ्या सरांकडे वळून म्हणाले, "लो साहेब, शिखवाडो."

मोठे सर खाकरले. तुरटी म्हणजे काय ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. रासायनिक नाव सांगितलं, उपयोग सांगितले, दाढीनंतर लावतात हेही सांगितलं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं.

"आ तो जवाब थयो, साहेब. ए तो सवाल मागे छे."

मोठ्या सरांनी परत तेच सांगितलं, जरा मोठ्याने. मग गप्प झाले. मी दारात उभी होते. त्यांचे ओठ हलत होते आणि प्रश्न येत नव्हता. आयुष्यभर ते वर्गात, सभेत, घरी सांगत आले होते. त्यांना विचारताच येत नव्हतं.

मंगल म्हणाली, "गढूळ पाण्यात फिरवली तर पाणी नितळतं का?"

अधिकाऱ्यांनी टेबलावर हात मारला. "आ! आने कहेवाय सवाल." मग तिला विचारलं, "आवता वर्षे बोर्डमां बेसवानी ने?" म्हणजे पुढच्या वर्षी दहावीला बसणार ना.

मंगलने मोठ्या सरांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मोठे सर म्हणाले, "हा साहेब, चोक्कस. आखो वर्ग बेसशे." नक्की, अख्खा वर्ग बसेल.

दुपारी स्टाफरूममध्ये बोरसे सरांनी रुमाल काढला आणि मोठे सर चहाला आलेले असताना, त्यांच्या डोळ्यांसमोर, सावकाश, नखाने उकरून, ती जुनी गाठ सोडली. मोठ्या सरांना गाठींबद्दल ठाऊक होतं. शाळेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

जूनमध्ये ड तुकडी दहावीत बसली. फक्त मंगल नव्हती.

आम्ही दोघं गोडादऱ्याला गेलो. दारात साड्यांचा ढीग होता आणि मायलेकी धागे कापत होत्या. लूम बंद असतात त्या सुटीच्या दिवशी मोठ्या सरांनी तिच्या वडिलांना बोलावलं होतं. खुर्ची दिली, चहा पाजला. मुलगी साहेबांसमोर उलट बोलते, नाव खराब होईल, वयात आली आहे, असं समजुतीने सांगितलं आणि दाखला दिला. वडिलांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि नमस्कार केला.

"साहेबनी कागद दिधा, तिना बापनी लिधा," आई म्हणाली. "आते काय करो, मास्तर?"

मंगलने कात्री खाली ठेवली नाही. "सर, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही आम्हांला जिन्यावर बसवलंत. ते आमच्यासाठी, का मोठ्या सरांना हरवायला?"

"दोन्ही," म्हणाले.

"मग हरलं कोण?"

बोरसे सर चपला काढून दारातच खाली बसले, साड्यांच्या ढिगाशेजारी. "मी हरलो," म्हणाले. "आता तू सांग. काय करू?"

"तुमची बल्बची पाटी आणा," ती म्हणाली. "इथे लाईटचा भरवसा नसतो. ती सेलवर चालते."

उठताना त्यांनी रुमालाला गाठ मारली. इतकी आवळली की बोटांची पेरं पांढरी झाली.

शाळेत तोवर मोठ्या सरांनी खोलीची किल्ली परत घेतली होती आणि यंत्र कोरं करून घेतलं होतं. 'जागा कमी पडत होती' असं कारण सांगितलं. मुलांनी शिकवलेले प्रश्न, त्यांखालची नावं, सगळं गेलं. मुलाचं नाव छापील दिसणं म्हणजे काय असतं ते त्या घरांत जाऊन बघायला हवं. ते पुसलं गेलं हे मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

त्या वर्षी संध्याकाळी शाळा सुटली की बोरसे सर पाटी काखेत मारून गोडादऱ्याला जात. मंगल प्रश्न करी, तार जोडी, आणि शेजारच्या बाया धागे कापता कापता बल्ब पेटतो का ते बघत बसत. दुसऱ्या एका शाळेतल्या भल्या शिक्षकांनी तिला तिकडून परीक्षेला बसवलं. ती पास झाली. आमच्या ड तुकडीतलेही बरेच पास झाले, काही नापास झाले. फाटकावरच्या पाटीवर त्या वर्षीची ओळ मोठ्या सरांनी रंगवलीच नाही. ती जागा अजून मोकळी आहे. अंकाचं मुखपृष्ठ शोधणाऱ्यांना मी तिचा फोटो सुचवते.

तरी रुमालाची गाठ सुटली नाही. मी एकदा विचारलं, "मंगल कॉलेजात गेली, सर. आता कशाला?"

"त्याला हरवायचं नाहीये मला, बाई. त्याच्या तोंडून ऐकायचंय."

मग फुप्फुसांनी दगा दिला. लिंबायतच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात सर खाटेवर पडून असत, उशीला टेकून, खिडकीशेजारी. मी शाळेतून जाता जाता डोकावत असे. एका दुपारी मोठे सर आले. द्राक्षं घेऊन, खाकरत. खुर्चीच्या कडेवर बसले आणि औषधं कोणती घ्यावीत, कुठला डॉक्टर चांगला, हे सांगू लागले.

बोरसे सरांनी हात वर केला. "मोठे सर, तो खेळ खेळू या. मी मनात धरतो. तुम्ही विचारा."

"अहो बोरसे, आता कसले खेळ!"

"विचारा."

मोठे सर माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही. त्यांनी रुमाल बघितला. तो उशीवर होता, गाठीचं टोक त्यांच्याकडे. "वस्तू आहे?" ते म्हणाले.

"नाही."

"मग... व्यक्ती आहे?"

"हो."

"मी ओळखतो?"

"नाही," बोरसे सर म्हणाले. मग थोडं थांबून, "कधीच ओळखलं नाहीत."

मोठे सर खिडकीबाहेर बघू लागले. खाली रस्त्यावर त्यांची स्कूटर उन्हात लावलेली होती. पुढचा प्रश्न येईना.

"नाही येत, तर म्हणा," बोरसे सर म्हणाले. आवाज पार बारीक झाला होता. "दोनच शब्द आहेत. यंत्रसुद्धा म्हणायचं."

मोठे सर उठले. "आराम करा, बोरसे. द्राक्षं धुऊन खा." आणि जिना उतरून गेले.

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, दमले. पण ते ऐकत होते. खाली किक बसली. स्कूटर चालू झाली, थोडं पुढे गेली, कोपऱ्यापर्यंत, आणि फुर्र करून बंद पडली. परत किक. परत.

"बाई, बघा. लागली?"

"नाही."

"ढकलतोय?"

मी खिडकीतून वाकून बघितलं. "हो."

"उन्हात?"

"हो."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मंगल आत आली, कॉलेजची पिशवी खांद्याला, घामाघूम. दर आठवड्याला येत असे.

"खाली मोठे सर भेटले," ती म्हणाली. "स्कूटर ढकलताहेत. माझ्या अगदी जवळनं गेले."

"तुला ओळखलं?"

"नाही." तिने पिशवी ठेवली. "कॉक बंद आहे स्कूटरचा. जाता जाता दिसला."

"मग सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

मंगलने द्राक्षांची पिशवी उचलून बघितली आणि बाजूला सरकवली.

"त्यांनी विचारलं नाही, सर."

बोरसे सर हसायला लागले. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. खोकला आला, मंगलने पाठ धरली, मी पाणी दिलं, ते तोंडातून सांडलं, तरी हसत होते. खाली लांबून पुन्हा एक किक ऐकू आली. त्यांनी रुमाल ओढून घेतला, तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि गाठीवरून अंगठा फिरवून तो तसाच माझ्या हातात दिला.